भिंतीतली अंगाई

पाळण्यामागच्या भिंतीवर विश्रामनं यंत्र टेकवलं. गिलाव्यात मुरलेले जुने आवाज ते बाहेर काढायचं, पण एकदाच. ऐकून झालं की तेवढ्या गिलाव्याचा भुगा होऊन खाली पडायचा.

“आईची अंगाई सापडेल ना, बाबा?” चार महिन्यांच्या लेकीला खांद्यावर घेऊन मृदुला म्हणाली. “सिनेमा झाले, मालिका झाल्या, जगाचे आवाज टिपलेस. आणि घरातलं एक गाणं नाही!”

“उद्या टिपू, उद्या टिपू म्हणत राहिलो गं.” वासंतीला, त्याच्या बायकोला, जाऊन आता वर्ष झालं होतं.

स्पीकरमधून कुकरची शिट्टी आली, बांगड्या किणकिणल्या, आणि वासंती गाऊ लागली. “नीज गं माझ्या...”

“शू! वासंती, काम चाललंय माझं!” तरुणपणीचा विश्राम खेकसला.

मृदुला म्हणाली, “तुझं ओरडणं तेवढं पुसून टाक ना. खाली गाणं असेल.”

सिनेमांतून कुत्र्यांचं भुंकणं, विमानांची घरघर त्यानं आयुष्यभर पुसली होती. त्याच सफाईनं त्यानं यंत्रानं टिपून घेतलेल्या आवाजातून स्वतःला पुसलं. खाली गाणं नव्हतं. वासंती तिथल्या तिथे थांबली होती.

त्यानं यंत्र पुढे सरकवलं. तिथे त्यानंतरच्या दिवसांचे आवाज मुरले होते; त्यांत तिनं गाणं सुरूच केलं नव्हतं. तान्ह्या मृदुलाला थोपटल्याचा आवाज येत होता फक्त. तोही होऊ नये म्हणून अगदी हलक्या हातानं.