कुणावर गेलोय मी?

आत्याआजी येणार म्हणून सुताराने सकाळीच उंबऱ्याची धार रंध्याने मोडून काढली. म्हातारं माणूस, ठेच लागायला नको.

"किती वेळा आरशात बघाल? आहे तेच तोंड दिसणार," बायको म्हणाली.

आरशाजवळ अल्बम उघडा ठेवून बघायची त्याची जुनी खोड होती. फोटोत खळ्यावर उभे पणजोबा, पणजी, तीन मुलगे आणि पणजीच्या कडेवर धाकटी. पणजोबांचं धारदार नाक, पणजीचे टपोरे डोळे, यातलं काहीच त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. मधला मुलगा म्हणजे त्याचे आजोबा. ते नेमके हलले होते, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका डाग. "मला एका जागी उभं राहवायचंच नाही," आजोबा छातीपर्यंतच्या दाढीतून हसत सांगायचे.

पुढे एका रात्री ते घर जळालं. आजोबा तेवढे वाचले, आणि त्यांनी काखेत मारून आणलेला हा अल्बम. एका पानालाही झळ लागली नव्हती. आजोबांचं प्रसंगावधानच तसं. मग ते लांब इथे येऊन राहिले आणि तिकडे पुन्हा कधी फिरकले नाहीत.

सुताराचे आईवडील गेले होते, मूलबाळ झालं नाही. 'अगदी अमक्यावर गेलास रे' असं म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं, आणि हे त्याला फार लागायचं. मागच्या महिन्यात वाचनालयाने जुन्या खेड्याचे म्हणून त्याच्या अल्बममधले फोटो वर्तमानपत्रात छापून आणले, आणि मेली समजलेली आजोबांची धाकटी बहीण जिवंत निघाली. निरोप मिळाला तेव्हा त्याला रडूच कोसळलं.

म्हातारी दारातच त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्यानेच तिचा हात धरून तिला आत आणलं.

"आजोबा कधी गेले तुझे?"

"झाली बरीच वर्षं. झोपेतच गेले. काही त्रास नाही."

"झोपेत," ती म्हणाली. "बरं."

बायकोने चहा ठेवला. "त्या रात्री तुम्ही कशा वाचलात?"

"वासरू आजारी होतं. मी गोठ्यात त्याच्याजवळ निजले होते." ती सुताराकडे वळली. "आगीचं काय सांगायचे आजोबा?"

"विषय काढला की उठून जायचे. फार मनाला लावून घेतलं होतं त्यांनी."

चहा निवत चालला. सुताराने अल्बम उघडून तिच्या मांडीवर ठेवला.

"आत्याआजी, एवढंच सांगा. यातल्या कुणावर गेलोय मी?"

म्हातारीने चष्मा पुसला. तिचं बोट पणजोबांवरून, पणजीवरून, मुलांवरून पुढे गेलं, कुठेच थांबलं नाही. फोटोच्या पार कडेला बैलाचा कासरा धरून एक माणूस उभा होता. त्याच्याकडे सुताराने आजवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. बोट त्याच्या तोंडावर येऊन टेकलं.

"हुबेहूब याच्यावर," ती म्हणाली. "आमचा गडी. दाराला बाहेरून कडी यानंच घातली होती."