मन मोकळं करायची खोली

धरणगावकडच्या एका शाळेत खेळाच्या सामानाची अडगळीची खोली होती. कोणी पोर घरून मार खाऊन आलं, कोणाचं वर्गात बिनसलं, की ते गुपचूप तिथल्या फाटक्या गाद्यांमागे जाऊन बसायचं. शिपाई जहांगीरचाचा दार नुसतं लोटून घ्यायचे, उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि विचारायचे काहीच नाहीत. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

मग वरून आदेश आला. दुखत्या कमरेनं चाचांनी दोन दिवस ती खोली उपसली. भिंतींना रंग लागला, सोफा आला, दारावर पाटी चढली: 'मन मोकळं करा कक्ष'. साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले.

साहेबांची गाडी गेल्यावर मुख्याध्यापकांनी चाचांच्या हातात नवं कुलूप ठेवलं. "समुपदेशक मॅडम महिन्यातून एकदा येतील, तेव्हाच उघडायचं. सोफा खराब व्हायला नको."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतली दिपमाला त्या कुलपासमोर उभी होती. किल्ली चाचांच्याच खिशात होती.

"चाचा, आते मी कोठे रडू?"