पिवळं फडकं

"चौथं वळण, सतरा नंबरला निळा दाखवा," वॉकीटॉकी खरखरली.

सतरा नंबर म्हणजे रेश्मा. आणि चौथ्या वळणावर झेंडे घेऊन उभी होती ती तिची आई, तुळजाबाई. रेस भरवणाऱ्या क्लबच्या लोकांनी डोकं चालवून प्रत्येक वळणावर गावातलंच एक माणूस उभं केलं होतं, म्हणजे रस्ता का बंद केला म्हणून कुणी भांडायला येत नाही. तुळजाबाईंचं तर फाटकच वळणावर. सकाळी क्लबच्या शेखरने त्यांच्या हातात दोन झेंडे दिले आणि चांगलं घोकून घेतलं. पिवळा म्हणजे धोका, सगळ्यांनी सावकाश, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. निळा म्हणजे मागून जोरातली गाडी येतेय, तू बाजूला हो.

भूगावातला हा रस्ता एरवी दुधाच्या टेम्पोलासुद्धा पुरत नाही. एका अंगाला तुळजाबाईंचं कुंपण, दुसऱ्या अंगाला सोसायटीची भिंत, आणि मधून नऊ गाड्या पळवायच्या म्हणे. बाजूला व्हायला जागा एकच, तुळजाबाईंच्या फाटकासमोर.

रेश्मा अख्खी एक फेरी मागे पडली होती. तिची ती जुनी मारुती, किती ओढणार? पहिला होता शैलेश, बिल्डरचा मुलगा. तो आता फिरून रेश्माच्याच मागे येऊन चिकटला होता आणि त्याला वाट हवी होती.

गच्चीवर भावकी खुर्च्या टाकून बसली होती.

"वैनी, काढा की ते निळं," तुळजाबाईंचा दीर वाल्मीक वरून म्हणाला. "पोरीच्या जातीला बाजूला व्हायला कसली आलीय लाज?"

गच्ची हसली. तुळजाबाईंना ते हसणं झोंबलं. रेश्मा हरतेय याचं त्यांना काही नव्हतं, इतक्या जणांत कुणीतरी शेवटी येणारच. पण आपल्याच दारात, या सगळ्यांच्या देखत, आपल्याच हाताने लेकीला बाजूला काढायचं, हे काही त्यांच्या जिवाला पटेना.

"चौथं वळण, ऐकू येतंय का? निळा."

कोपऱ्यावरून मारुती वळली, तिच्या पाठीला नाक लावून शैलेशची लाल गाडी. तुळजाबाईंनी निळा झेंडा काखेत घट्ट दाबला आणि पिवळा हलवला.

शैलेशने करकचून ब्रेक मारला. रेश्माने रस्त्यावर पाहिलं. तेल सांडलेलं नाही, दगड नाही, कुत्रंसुद्धा आडवं आलेलं नाही. आणि आई तर हात दुखेस्तोवर झेंडा हलवतेय. घरात काहीतरी झालंय, एवढंच तिला सुचलं आणि तिने गाडी फाटकाच्या अलीकडे भर रस्त्यात उभी केली. मागे शैलेश थांबला. त्याच्यामागून जी जी गाडी आली ती थांबत गेली.

हेल्मेटची काच वर झाली. "आई, काय झालं? बाबा बरे हायेत ना?"

"समदं बरं हाय."

"मग?"

तुळजाबाईंनी काख आणखी आवळली. रेश्माने त्यांच्या काखेतला निळा झेंडा पाहिला, मग आरशात पाहिलं. अख्खी रेस तिच्या मागे उभी होती. शैलेशने खिडकीतून हात बाहेर काढून काय ते बोलून घेतलं, पण हेल्मेटमुळे ते कुणाला कळलं नाही.

"आई, निळा दाखवायचा असतो."

"म्हाईत हाय मला. तू जा पुढं."

रेश्माने डावीकडे पाहिलं. फाटकासमोर जागा होती. स्टिअरिंग थोडं डावीकडे घेतलं की झालं असतं, आणि डावीकडे घ्यायची तिला सवयही होती. तिने काच खाली केली, गिअर टाकला आणि सरळ पुढे गेली. मागून बाकीच्या गाड्या निमूट निघाल्या. गच्चीवर वाल्मीकचं काहीतरी चाललं होतं, पण तिकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं.

थोड्या वेळाने शेखर धापा टाकत आला.

"मावशी, धोका कुठे होता?"

"नव्हता."

"मग पिवळा कशाला दाखवलात? तुमच्या मुलीला बाद केलंय आता. भर रस्त्यात गाडी थांबवली म्हणून."

तुळजाबाईंचा चेहरा उतरला. एवढा जीव टाकून पोरीने गाडी पळवली आणि ती आपल्यापायी बाद झाली, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. डोळे भरून आले. ते त्यांनी हातातल्या पिवळ्या झेंड्यालाच पुसले. शेखरने झेंडे परत घ्यायला हात पुढे केला.

"जल्मभर तिला बाजूला हो, बाजूला हो, येवढंच सांगत आले," तुळजाबाई म्हणाल्या. "आज पुढं जा म्हणायचं हुतं. त्याचं फडकं तुमी दिलंच न्हाई."