बिस्किटचे डोळे

नायजेल कॅनडाला गेला आणि बिस्किट नावाची त्याची मांजर कोलशेतला आईकडे, आयव्हीकडे राहिली. एरवी त्याचा फोन महिन्यातून कधीतरी यायचा. नाताळात बिस्किटच्या डोळ्यांत चिपडं धरायला लागली, तेव्हापासून तो रोज फोन करू लागला.

"मम्मी, कापूस कोमट पाण्यात भिजवून पूस. दोन डोळ्यांना वेगवेगळा कापूस घे हां. आणि मला फोटो पाठव."

आयव्ही डोळे पुसायची, थेंब घालायची, हातावर ओरखडे घ्यायची आणि फोटो पाठवायची. मग गप्पा व्हायच्या. एकदा तर त्याने, तू काय जेवलीस, असंही विचारलं.

फेब्रुवारीत प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "डोळे एकदम स्वच्छ झालेत. औषध बंद करा."

त्या संध्याकाळी आयव्हीने नाताळातला चिपडांचा फोटो शोधून पाठवला आणि खाली लिहिलं, 'अजून येतंय रे थोडं.'

लगेच फोन वाजला.

"अगं मम्मी, मागे खिडकीत नाताळचा तारा दिसतोय. अजून काढला नाहीस?"

"माझा हात पोचतो का तिथे?"

"बरं, राहू दे. रविवारी व्हिडिओ कॉल करतो. बिस्किटला नीट बघायचंय."



डोळे काय, आत्ताच पुसलेत म्हणून सांगता आलं असतं. ताऱ्याचं तसं नव्हतं, म्हणून आयव्हीने स्टूल ओढलं, माळ्यावरचा तारा काढला आणि परत खिडकीत लटकवला.