निरोगी घराणं

लग्न ठरवताना मृणालीच्या रक्ताचे रिपोर्ट मागून घेणारे तिचे सासरे हिराजी, मुलाच्या, निकेशच्या, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली तरी ताठच होते. "रोह्याच्या पोरींचा हात तेलाला सैल," ते पेणच्या दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाले. आयुष्यात चहाचा कप न विसळलेला, मे महिन्यातही गुडघ्यापर्यंत मोजे घालून फिरणारा आणि तेवढे मोजे मात्र कुणाला हात लावू न देता स्वतः धुणारा हा माणूस तिच्या स्वयंपाकाची अक्कल काढत होता.

निकेशचा रिपोर्ट बघत डॉक्टर म्हणाले, "पस्तिशीत एवढं कोलेस्ट्रॉल आणि त्यात ही गाठ, हे नुसत्या तेलाने होत नाही. पुष्कळदा घराण्यातूनच येतं. वडील, काका, कुणाला होतं का असं? आधी कळलं असतं तर ही वेळ आली नसती."

"आमच्यात कुणाला काय नाय," हिराजी म्हणाले. "हिच्या माहेरी विचारा."

मुलाच्या रक्ताचा दोष सुनेच्या माहेरी शोधणारा शहाणा.

डॉक्टरांनी लिहून दिलेला गाठीसाठीचा घट्ट मोजा घरी आला. दोघं नवरा-बायको ओढून ओढून घामाघूम झाले, तरी तो घोट्याच्या वर सरकेना.



"सरक गो, एवढं पन जमत नाय तुला," म्हणत हिराजी खाली बसले, त्यांनी मोजा टाचेपर्यंत उलटा केला आणि न बघताच एका दमात गुडघ्यापर्यंत चढवला.