तसूभर जास्त नको

"हे ‘तसूभर जास्त नको’ तुम्हीच लिहिलंत ना?" रिफंड विभागाच्या अधिकाऱ्याने निकालाच्या प्रतीवर बोट ठेवून विचारलं.

करसल्लागाराने मान डोलावली, जरा तोऱ्यातच. चार दिवसांपूर्वी त्याने कर न्यायाधिकरणात बाजी मारली होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळे शेजाऱ्यांनाही निकाल वाचून दाखवून झाला होता. बायकोने मात्र सगळं ऐकून एवढंच विचारलं होतं, "आणि आपला रिफंड?" त्याने विषय बदलला होता.

त्याचं अशील म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारी एक परदेशी कंपनी. सरकारने तिच्याकडून दहा टक्के जादा कर घेतला होता. देशी कंपन्यांना तो नव्हता. दोन देशांच्या कर-करारात स्पष्ट कलम होतं: त्याच परिस्थितीतल्या देशी कंपनीपेक्षा परदेशी कंपनीवर जास्त बोजा टाकायचा नाही. तेवढ्यावर खटला जिंकता आला असता. पण साध्या वाक्यावर भागवेल तो करसल्लागार कसला. त्याने लिहिलं, ‘आमच्या अशिलाला देशी कंपनीसारखंच वागवा. तसूभर कमी नको, तसूभर जास्त नको.’ शेवटचे तीन शब्द कलमात नव्हते. वाक्याला तोल यावा म्हणून ते त्याने पदरचे घातले होते. न्यायाधिकरणाने ते निकालात जसेच्या तसे उतरवले.

"मीच लिहिलं. का?"

"परदेशी कंपन्यांचे रिफंड वरच्या मजल्यावर निघतात. पंधरा दिवसांत," अधिकारी म्हणाला. "देशींना ती सोय नाही. म्हणजे ते तसूभर जास्तच झालं. तुमची फाइल आता खाली, सगळ्यांबरोबर."

करसल्लागाराने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. महिनाअखेरपर्यंत पैसे आले नाहीत तर कंपनी इथली शाखा बंद करणार होती. चाळीस मेकॅनिक घरी बसणार होते आणि त्यांच्या पाठोपाठ तोही, कारण दुसरं मोठं अशील त्याच्याकडे नव्हतं. आजवर त्याचं बोलणं कोणी कधी मनावर घेतलं नव्हतं, आणि घेतले ते नेमके हे तीन शब्द.

बाहेर पॅसेजमधल्या बाकावर शाखेच्या संचालकबाई वाट बघत होत्या.

"झालं काम?"

"झालं ना, मॅडम. आता आपण देशी कंपन्यांच्या रांगेत."

"बरं मग. देशी लोकांना किती दिवस लागतात?"

त्याला बायको आठवली. काहीतरी ठोकून द्यावं असं त्याला वाटलं. एरवी ते सहज जमायचं, आज जमेना. तो त्यांच्या शेजारी टेकला.

"माझा स्वतःचा रिफंड सहा वर्षं अडकलाय," तो म्हणाला. "पण तुम्हाला त्याहून एक दिवसही जास्त लागणार नाही. तसा लेखी निकाल आहे आपल्याकडे."