तीन गुणांची शिडी

"एक्केचाळीस जणांचं उत्तर एक आणि तुझं एकटीचं वेगळं? तू काय आभाळातून पडलीस?" गणिताच्या विभागप्रमुखांनी उत्तरपत्रिका मुलीच्या पुढ्यात सरकवली.

मुलीने घड्याळाकडे पाहिलं. तिला तेहेतीस गुण पडले होते, पस्तीसला पास. पास झालेल्यांची यादी चार वाजता फलकावर लागायची होती. यादीत नाव नाही, त्याचं पुढल्या वर्षी गणित बंद. साडेतीन वाजून गेले होते.

प्रश्न तीन गुणांचा. जमिनीशी तीस अंशांत लावलेली शिडी भिंतीवर दोन मीटर उंच पोचते. तीच शिडी साठ अंशांत लावली तर किती उंच पोचेल? वर्गाने लिहिलं होतं चार. सरांच्या आदर्श उत्तरातही चारच. मुलीने लिहिलं होतं तीन पॉइंट चार सहा, आणि त्यावर लाल फुली होती.

"तिचंच बरोबर आहे, सर," वर्गाला गणित शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"कोन दुप्पट, उंची दुप्पट. यात अवघड काय आहे?"

"कोन दुप्पट झाला म्हणून साइन दुप्पट होत नाही. दोन महिने घसा फोडून सांगतेय मी वर्गात. पण जुन्या पेपरांतून तुमचं आदर्श उत्तर पोरांकडे आधीच पोचलेलं. माझं कोण ऐकतंय?"

"नऊ वर्षं हेच उत्तर तपासतोय. एका पालकाची तक्रार नाही."

"तक्रार शिडीने करायची होती ना!"

बाईंनी टेबलावरची फूटपट्टी उचलून कपाटाला तिरकी टेकवली. "तीस अंशांत शिडी आपल्या लांबीच्या निम्मी उंची गाठते. म्हणजे ही शिडी चार मीटरची. मान्य?"

"मान्य."

"मग साठ अंशांत तुमची उंची चार आणि शिडीही चार. शिडीचा पाय कुठे ठेवायचा, तेवढं दाखवा."

सरांनी पट्टी हातात घेतली. थोडी उभी केली. आणखी थोडी. ती कपाटाला सपाट चिकटली तेव्हा कुठे उंची पुरी झाली.

"आता नव्वद झाले, सर," मुलगी हळूच म्हणाली.

"आणि नव्वदला तुमच्या हिशेबाने सहा मीटर!" बाई म्हणाल्या. "चार मीटरची शिडी सहा मीटर चढणार. शाळेला जिना बांधला कशाला मग?"

चूक कळली की माणसाचा आवाज एकतर चढतो, नाहीतर उतरतो. सरांचा उतरला. "बरं, असं करू. हिला तीन गुण ग्रेस म्हणून देऊन टाकू. हिचंही काम झालं, आपलंही."

"ग्रेस?" बाईंचा आवाज पार व्हरांड्यापर्यंत गेला. "बरोबर उत्तराला भीक आणि चुकीच्या उत्तराला हक्क?"

"मग काय, एक्केचाळीस जणांचे गुण कापू? सातआठ पोरं सरळ नापास होतील. उद्या त्यांचे आईबाप दारात येऊन बसतील, त्यांना काय फूटपट्टी दाखवणार?" सरांनी गठ्ठा चाळला, एक उत्तरपत्रिका ओढून काढली आणि बाईंसमोर उघडी ठेवली. "ही घ्या. सदतीस आहेत. तीन वजा करा."

अक्षर बाईंच्या ओळखीचं होतं. घरातलंच.

"तुमची लेक, मॅडम. चौतीस होतात. बोला, कापू?"

बाहेर शिपाई फलक पुसत होता, त्याचा फडका आतपर्यंत ऐकू येत होता.

"बाई," मुलगी खाली बघत म्हणाली, "ग्रेस चालेल मला."

"मला नाही चालत."

बाईंनी खुर्ची ओढली. सरांच्या पुढ्यातलं लाल पेन उचललं, लेकीच्या चारवर फुली मारली, तिनाचं शून्य केलं, आणि समासात एक शिडी काढायला घेतली. पाय जमिनीवर, डोकं भिंतीला, आणि मधला कोन साठ अंशांचा.